बोरनाळेच्या तोंडाशी

“दुर्बीण आधी डोळ्याला लावायची नाही,” गायधनी मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “पक्षी आधी उघड्या डोळ्यांनी धरायचा. नजर तिथेच ठेवायची, मान हलवायची नाही, आणि मग दुर्बीण मध्ये आणायची. हं, आण आता.”

मी आणली. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच पक्षी खरोखर त्या गोलात होता. वेडा राघू. बाभळीच्या शेंड्यावर बसलेला, हिरवागार, गळ्याशी काळी रेघ. तो उडाला, हवेतल्या हवेत माशी टिपली आणि परत त्याच काटकीवर येऊन बसला. मला हसू फुटलं. पुन्हा उडाला तेव्हा मात्र तो उताराच्या अंगाने खाली गेला. मी दुर्बीण तशीच डोळ्याला धरून त्याच्या मागे गेले. वाळलेलं गवत, दगड, करवंदीच्या जाळ्या असं सगळं भराभर सरकत गेलं, आणि गोलात एक माणूस आला.

बोरनाळ नावाच्या अरुंद घळीच्या तोंडाशी एक काळा सपाट दगड होता, त्यावर तो बसला होता. मांडीवर कापडी पिशवी. त्याने पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं, आत बराच वेळ बघितलं आणि काहीच न खाता झाकण परत लावलं. मग मान वर केली.

पप्पा होते.

“सापडला का गं?” मॅडमनी विचारलं.

“उडाला,” मी म्हणाले.

मंगळवारची सकाळ होती. पप्पा त्या वेळी सातपूरला कंपनीत असायला हवे होते. आणि तसं बघायला गेलं तर माझीही जागा त्या वेळी कॉलेज रोडच्या अभ्यासिकेत होती.

त्या वर्षी मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. पुढे एम.एस्सी.ला नंबर लागला नाही. दोघी मैत्रिणी पुण्याला गेल्या, तिसरीचं लग्न झालं. आधी त्यांचे फोन यायचे, मग मीच करायला लागले, मग मीही थांबले. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा असं घरात ठरलं आणि आईने मला अभ्यासिकेत जागा घेऊन दिली. लांबलचक हॉल, त्यात प्लायवूडने पाडलेले खण, आणि प्रत्येक खणात एक खुर्ची, एक दिवा आणि एक मान खाली घातलेला जीव. आत बोलायचं नाही असा नियमच होता. पाण्याच्या पिंपाशी कुणी भेटलं तर “कोणती?” एवढं विचारायचं. म्हणजे कोणती परीक्षा. संध्याकाळी घरी गेल्यावर आई काहीतरी विचारायची, मी उत्तर द्यायला जायचे आणि घसा खाकरावा लागायचा. सकाळपासून वापरलेलाच नसायचा.

गायधनी मॅडम भेटल्या त्या माझ्या दाढेमुळे. त्या दातांच्या डॉक्टर. खुर्चीत आ वासून पडले होते तर समोरच्या भिंतीवर बिबट्याचा मोठा फोटो. एक कान फाटलेला, आणि नजर अशी की जणू आपणच त्याच्या दारात उभे आहोत. माझ्या तोंडात कापसाचे बोळे, विचारणार कसं? पण त्यांच्या ते लक्षात आलं.

“ही आपली शेजारीण,” त्या म्हणाल्या. “इथून रिक्षाने गेलीस तर गाणं संपायच्या आत पोचशील. म्हसरूळच्या पुढची टेकडी. येतेस बघायला?”

मी मान हलवली. त्यांना वाटलं दुखतंय म्हणून हलवली.

अशी मी टेकडीवर जायला लागले. मॅडम आणि त्यांचे दोन-चार मित्र हौसेने तिथे बिबट्यांची नोंद ठेवायचे. झाडाच्या बुंध्याला कॅमेरे बांधलेले असायचे. समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो निघायचा. मॅडम दवाखाना उघडायच्या आधी एक चक्कर मारायच्या, मी त्यांच्या मागे मागे. शहरात जन्मलेली मी, चिमणी, कावळा आणि कबूतर सोडून मला पक्षी ठाऊक नव्हता. पहिल्या दिवशी मी टिटवीला “ही कोणती कोंबडी?” म्हणाले होते. मॅडमनी त्यांची जुनी दुर्बीण मला वापरायला दिली. त्या दवाखान्यात निघून गेल्या की मी एकटीच वर थांबायचे. डबा तिथेच खायचे आणि अभ्यासिका सुटायच्या वेळेला घरी पोचायचे. टेकडीवरही कोणी बोलत नव्हतं, पण तिथलं न बोलणं वेगळं होतं. तिथे कुणी माझ्याकडे पाठ करून बसलेलं नव्हतं.

त्या मंगळवारी मी मॅडमना काही सांगितलं नाही. त्या गेल्यावर बाभळीच्या आडोशाला बसून मी पप्पांकडे बघत राहिले. ते काहीच करत नव्हते. पेपर नाही, बिडी-सिगरेट नाही. मध्येच उठायचे, दगडाभोवती फेरी मारायचे, पुन्हा बसायचे. एकदा त्यांनी चप्पल काढून त्यातला खडा झटकला. माझ्या जन्माच्या आधीपासून ते त्या कंपनीत होते, रंगकामाच्या विभागात. कधी एक दिवस उशीर नाही.

संध्याकाळी ते नेहमीच्या वेळेला घरी आले. पिशवी खुंटीला अडकवली, हातपाय धुतले.

“आज फार दमलात?” मी विचारलं.

“काम होतं,” ते म्हणाले. “ऑर्डर आलीय मोठी. तुझा अभ्यास?”

“झाला.”

“काय वाचलं?”

“राज्यघटना.”

“हां. ती पाठच पाहिजे,” पप्पा म्हणाले आणि टीव्हीकडे बघायला लागले.

मी विचारू शकले असते. पण पहिला प्रश्न केला की दुसरा माझ्यावरच येणार होता. तू तिथे काय करत होतीस? दोघंही एकाच स्वयंपाकघरातून निघालेले डबे घेऊन बाहेर पडायचो, एकाच टेकडीवर जायचो आणि संध्याकाळी एकाच ताटाशी बसून एकमेकांना थापा मारायचो. आई मधे बसून वाढत असायची.

पुढचे काही दिवस असेच गेले. ते रोज यायचे, त्याच दगडावर बसायचे. मी वरच्या अंगाला, बाभळीआड. पक्ष्यांकडे माझं लक्ष लागेना. खाटीक बघताना, गप्पीदास बघताना दुर्बीण आपोआप खाली वळायची.

मग एका सकाळी मॅडमनी नाळेजवळच्या कॅमेऱ्यातले फोटो बघितले आणि माझा दंडच धरला.

“निवेदिता! अगं बघ, बघ. फाटका कान!”

छोट्या पडद्यावर बिबट्याची मादी होती. उजाडतानाचा करडा उजेड, अंग जमिनीसरसं. आणि तिच्या मागोमाग, शेपटीवर झडप घालत, मांजराएवढं एक पिल्लू. तिच्या पलीकडे एक काळा सपाट दगड दिसत होता.

“नाळेतच ठेवलंय तिने. कपारीत असणार.” मॅडमचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता. मग त्या पुढचे फोटो बघायला लागल्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. “आणि हा बाबा कोण? हा बघ. रोज दिसतोय. त्याच दगडावर. पिल्लू असलेली मादी एरवीसारखी नसते, बाई. तिला वाटलं ना की हा माणूस पिल्लाच्या वाटेत आलाय, तर…” त्यांनी पडदा बंद केला. “असतात असे. घरी नकोसे झालेले. कुठे जायचं म्हणून टेकडीवर येऊन बसतात. त्याला सांगायला हवं.”

“मी सांगते,” मी एकदम म्हणाले.

“तू? ओळखतेस?”

“नाही. पण सांगते. तुम्हाला दवाखान्याला उशीर होईल.”

मॅडमनी माझ्याकडे निरखून बघितलं. “वरून हाक मारून सांगायचं. नाळेत उतरायचं नाही. कळलं? आणि समजा कधी समोर आलीच, तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, खाली वाकायचं नाही. उभं राहायचं, हात वर करून मोठं व्हायचं आणि मोठ्याने बोलायचं. पाठ झालं?”

“झालं.”

त्या गेल्या. मी उताराच्या कडेपर्यंत गेले. पप्पा खाली बसलेले होते, मान खाली घालून. हाक मारायला तोंड उघडलं. पण काय म्हणून मारू? ‘पप्पा’ म्हणून मारली असती तर सगळंच संपलं असतं. ‘अहो काका’ म्हणून मारणं माझ्याने झालं नाही. मी परत बाभळीपाशी येऊन बसले, पाच वाजेपर्यंत नाळेवरची नजर न काढता. त्या दिवशी डबाही उघडला नाही.

रात्री जेवताना मी विषय काढला.

“आई, म्हसरूळच्या टेकडीवर म्हणे बिबट्या आहे. मादी. पिल्लू आहे तिला.”

“बाई गं!” आईने भाकरी तव्यावरच सोडली. “कोण म्हणालं?”

“अभ्यासिकेत एक मुलगी आहे, तिचा भाऊ जातो तिकडे. ती मादी बोरनाळेत राहते म्हणे. काळा दगड आहे ना एक, तिथेच. तिथे कुणी बसलं तर ती अंगावर येईल असं सांगत होती.”

पप्पांनी घास मोडला. “कोण कशाला जाऊन बसेल तिथे?”

“बसतात म्हणे कुणीकुणी.”

“बसत असतील,” ते म्हणाले. “वर पण फिरतात म्हणे कुणीकुणी. एकटेच. त्यांना पण सांग म्हणावं तिला.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते ताटात बघत होते. आईने माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे, आणि तव्यावरची भाकरी उलटली. ती एका बाजूने करपली होती.

दुसऱ्या दिवशी मॅडमना परगावी जायचं होतं. मी लवकर निघाले. पप्पांच्या आधी पोचायचं आणि दगडावर जाऊन बसायचं, एवढंच ठरवलं होतं. ते आले की बघू. जे होईल ते होईल.

दगड रिकामा होता. मला हायसं वाटलं. कळलं त्यांना, दुसरीकडे गेले, असं मनाशी म्हणत मी उतरले. नाळेत उतरायचं नाही हे पाठ होतं, पण दगड काही नाळेत नव्हता, तोंडाशी होता. तिथपर्यंत जायला हरकत नाही, असं माझं मीच ठरवलं. दगडावर हात ठेवला तर तो गार होता. करवंदीला फुलं आली होती, गोड वास येत होता. खालच्या जाळीत सातभाईंचा थवा होता. पहिले काही क्षण ते आपसात कुरबुरत होते. मग एकदम सगळे मिळून कर्कश ओरडायला लागले.

पक्षी असे कधी ओरडतात ते मॅडमनी मला सांगितलं होतं. मला ते आठवलं, पण जरा उशिरा.

जाळीतून पिल्लू बाहेर आलं. डोकं अंगापेक्षा मोठं, पोट गवताला टेकलेलं, डोळे निळसर. ते माझ्याकडे बघत उभं राहिलं. इतकं जवळ, की दुर्बिणीची गरज नव्हती. मी त्याच्याकडे बघितलं आणि एका क्षणाला, अगदी खरं सांगते, मला फक्त आनंद झाला.

मग वरच्या कपारीतून आवाज आला. गुरगुर म्हणतात त्याला, पण तो कानाला आधी ऐकू येत नाही. आधी छातीत वाजतो. ती खडकावर होती. फाटका कान मागे पडलेला, दात उघडे. मी तिच्या आणि पिल्लाच्या बरोबर मध्ये उभी होते.

पळायचं नाही. पाठ दाखवायची नाही. मी एक पाऊल मागे सरकवलं. दुसरं सरकवणार, तेवढ्यात वरून, जिथे मी रोज बसायचे त्या बाभळीच्या बाजूने, कुणीतरी ओरडलं.

“निवे! एऽ निवे!”

पप्पा उतारावरून पळत येत होते. पिशवी हातात गरगर फिरवत, ओरडत, दगडगोटे ढकलत. जे करायचं नाही ते सगळं करत.

“पळू नका!” मी किंचाळले. “पप्पा, पळू नका!”

पण उतार त्यांना थांबू देईना. वाळल्या गवतावरून पाय सरकला आणि ते पडले, घसरत आले आणि दगडाच्या अलीकडे पालथे थांबले. डबा उघडून पोळ्या गवतात पसरल्या. ती खडकावरून खाली उतरली. तिची नजर आता माझ्यावर नव्हती. जमिनीवर पडलेल्या माणसावर होती.

तिथून पुढे मी काय केलं ते मला क्रमाने आठवत नाही. एवढं आठवतं की मी पप्पांच्या पुढे येऊन उभी होते, ओढणी दोन्ही हातांत डोक्यावर ताणून धरलेली, आणि बोलत होते. काय बोलत होते? राज्यघटनेची उद्देशिका. दुसरं काही पाठच नव्हतं. “आम्ही भारताचे लोक” असं मी तिच्या तोंडावर ओरडून सांगत होते. ती आली. दोन झेपा, धुळीचा लोट, आणि समोर येऊन थांबली. तिच्या मिशा मला दिसल्या. मी ओरडायची थांबले नाही. मागून पप्पांचा हात माझ्या घोट्याला लागला आणि त्यांनी तो घट्ट धरून ठेवला.

तिने मान वळवली. जाळीपाशी गेली, पिल्लाला मानेला धरून उचललं आणि नाळेत दिसेनाशी झाली. जणू एवढंच काम होतं.

सातभाई गप्प झाले. आम्ही मागे मागे सरकत वर आलो, पाठ न फिरवता, बाभळीपर्यंत. तिथे मी खाली बसले. पप्पांचं कोपर सोलवटलं होतं, पँट गुडघ्यावर फाटली होती. ते माझ्या शेजारी बसले.

“लागलं का तुला?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला लागलंय.”

“हे काही नाही.” ते कोपराकडे बघत राहिले. मग म्हणाले, “अभ्यासिका कधीपासून सोडली?”

“दिवाळीनंतर.” मी थांबले. “आणि कंपनी?”

पप्पांनी गवताची एक काडी उपटली. “दिवाळीच्या आधी. आमचा आख्खा विभागच बंद केला. सगळ्यांना एका दिवशी घरी बसवलं. हिशेब दिला त्यांनी, तसं काही नाही.” तेच पैसे थोडे थोडे करून पगार म्हणून ते आईच्या हातात देत होते, हे मला तेव्हा कळलं. “मी म्हटलं, दुसरं काही मिळालं की सांगू. मिळालं नाही. मग रोज सांगायचं राहून गेलं.”

“म्हणून इथे येऊन बसायचे?”

“इथे? छे.” ते माझ्याकडे वळले. “मी गोल्फ क्लबच्या मैदानात बसायचो. तिथे बाकं आहेत, नळ आहे, माणसं असतात. एक दिवस तिथून तुला रिक्षात बघितलं. अभ्यासिकेची वाट नव्हती ती. मागे आलो. म्हटलं, बघू तरी पोरगी कुठे जाते, कुणाबरोबर जाते.” त्यांना जरा लाजल्यासारखं झालं. “तर कुणाबरोबर नाही. ती बाई निघून गेली की तू एकटीच. तासन्‌तास. म्हटलं, या रानात हिला काही झालं तर कोणाला कळणार? त्या दगडावरून ही बाभूळ सरळ दिसते. म्हणून तो धरला.”

मी रोज दुर्बिणीतून त्यांच्यावर नजर ठेवत होते आणि ते बिनदुर्बिणीचे माझ्यावर.

“बिबट्याचं माहीत होतं तुम्हाला?”

“काल तू जेवताना म्हणालीस तेव्हा कळलं. म्हणून तर आज दगड सोडून इकडून वरून आलो. म्हटलं, तुझ्या जवळपास बसावं. तर तू खाली!”

“मी तुम्हाला अडवायला गेले होते.”

पप्पा एकदम हसायला लागले. मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही हसले. मग त्यांचं हसणं थांबलं, पण पाणी थांबलं नाही. त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं आणि मी बाभळीवर काही बसलंय का ते बघत राहिले. काही बसलेलं नव्हतं.

आम्ही भर दुपारी घरी गेलो. आईने दार उघडलं. फाटकी पँट, रक्ताळलेलं कोपर, माझे धुळीने माखलेले केस. दोघं एकत्र, भलत्या वेळेला. तिने आम्हाला आत घेतलं आणि आधी हळद आणली.

“शालन, जरा बस,” पप्पा म्हणाले. “सांगायचंय.”

“सांगा की. ऐकतेय. कोपर इकडे करा.”

“कंपनी सुटली माझी.”

“माहीत आहे,” आई म्हणाली आणि हळद दाबून धरली. “कपड्यांना रंगाचा वास येत नाही दिवाळीपासून. इतकी वर्षं धुतेय, मला कळणार नाही?”

पप्पांनी कोपर मागे घेतलं. “मग विचारलं का नाहीस?”

“रोज डबा घेऊन निघत होतात ना. ज्या दिवशी डबा नको म्हणाला असता त्या दिवशी विचारलं असतं.”

ती माझ्याकडे वळली. “आणि तुझं तोंड का उतरलंय? तुझ्या सलवारीची कुसळं कोण उपटतं रोज? अभ्यासिकेत गवत उगवलंय काय?”

मग ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि भाताला आधण ठेवलं. बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत डोकावले तेव्हा ती ओट्याला टेकून उभी होती, पदर तोंडाशी धरून, आवाज न करता. आधण केव्हाच उकळून गेलं होतं. मला बघितल्यावर म्हणाली, “जा, पप्पांपाशी बस. त्यांना एकटं नको सोडू.”

बिबट्याचं आम्ही तिला सांगितलंच नाही. गायधनी मॅडमना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी माझी खरडपट्टी काढली, मग मिठी मारली आणि मग वन खात्याला कळवलं. नाळेच्या वाटेवर काटे टाकून ती बंद केली गेली. मादीने तोवर पिल्लू हलवलं होतं.

उन्हाळ्यात पप्पांना एका शाळेत काम मिळालं, बस सुटायच्या वेळी मुलं मोजून बसमध्ये बसवायचं. त्यांना ते आवडलं. मी परीक्षा दिली, नापास झाले, पुन्हा दिली, आणि शेवटी वन खात्यात लागले. आता माझं बहुतेक काम रानातच असतं, आणि बहुतेक वेळ एकटीचं. जनावरांच्या वाटा बघायच्या, कॅमेरे लावायचे, काढायचे. कधीकधी दोन-दोन दिवस कुणाशी बोलणं होत नाही.

सुट्टीला घरी गेले की मी पप्पांना विचारायचे, “चला ना टेकडीवर. सकाळचं जाऊन येऊ.” ते काहीतरी कारण काढायचे. गुडघा दुखतोय, बँकेत जायचंय, ऊन फार आहे. असं बरीच वर्षं चाललं. मला वाटायचं, ती जागा जशी माझी आहे तशी त्यांचीही असणार. माझं सगळं आयुष्य तिथून सुरू झालं होतं आणि तेव्हा ते माझ्यासोबत होते.

गेल्या दिवाळीत मी फारच मागे लागले. नवी दुर्बीण आणली होती, त्यांना दाखवायची होती.

“चला ना पप्पा. इतके दिवस बसायचात तिथे. आता एक दिवस माझ्यासाठी.”

ते गॅलरीत तुळशीला पाणी घालत होते. तांब्या खाली ठेवून त्यांनी हात पुसले.

“निवे,” ते म्हणाले, “तुला काय वाटलं, मला आवडायचं तिथे?”

मी हातातली दुर्बीण कठड्यावर ठेवली.

“घड्याळाकडे बघत बसायचो. पाच कधी वाजतात. तू तिथे आहेस एवढ्यावर दिवस जायचा. तू नसतीस तर मी त्या जागेचं तोंड पाहिलं नसतं.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “तू जाऊन ये. तुझी जागा आहे ती. मी आहे घरी.”

मी एकटीच गेले.